लवकर आलेला पाहुणा

लाँग वीकेंडच्या सकाळी सिल्वासातल्या एखाद्या रिसॉर्टच्या रिसेप्शनवर जरा वेळ उभं राहा. मुंबईहून पहाटे निघालेल्या गाड्या साडेनऊलाच दारात लागतात. मुलांना कधी एकदा पाण्यात उतरतोय असं झालेलं, आजींना बाथरूम हवं असतं, आणि काउंटरमागचा मुलगा अदबीने सांगतो, ‘‘सर, चेक-इन एकचं आहे. बॅगा इथे ठेवा, नाश्ता करा, वासोण्याला सिंह बघून या. तोवर रूम होईल.’’ वासोण्याची सिंहांची सफारी खानवेलच्या रस्त्यावर, शहरापासून दहाएक किलोमीटरवर आहे. तिथल्या सकाळच्या गर्दीचं थोडं श्रेय चेक-इनच्या वेळेला द्यायला हरकत नाही.

पण लवकर येणाऱ्याची ही अशी पंचाईत जुनी नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत आधी पोचेल त्याचीच चंगळ होती.

धर्मशाळेत आधी आलेल्याला ओसरीचा वाऱ्याचा कोपरा मिळे, उशिरा आलेल्याला दाराजवळची जागा. तिथे वेळेचा नव्हे, दिवसांचा नियम असे. साधारण तीन दिवस राहा आणि पुढच्या वाटसरूला जागा करून द्या. नाशिक-त्र्यंबकेश्वरला क्षेत्रोपाध्यायांच्या घरी यजमान उतरत. पहाटे दार वाजलं तरी आधी पाय धुवायला पाणी यायचं, मग कुळाची वही निघायची.

इंग्रजांनी टपालाच्या मार्गांवर डाकबंगले बांधले, तेव्हा पहिल्यांदा घड्याळ मुक्कामात शिरलं. डाकबंगल्याची खोली आधी सांगून राखून ठेवता येत नसे. जो आला त्याची ती. मात्र चोवीस तास झाले आणि दुसरा प्रवासी दारात उभा राहिला, की पहिल्याने जागा सोडायची. हे चोवीस तास ज्याचे त्याचे होते. सकाळी सहाला आलात तर उद्या सहापर्यंत, रात्री नऊला आलात तर उद्या नऊपर्यंत. कोणी ‘लवकर’ आला असं म्हणायची सोयच नव्हती.

घोटाळा झाला तो आगाऊ बुकिंगने. तार आली, टेलिफोन आला, १९६५ मध्ये अमेरिकेत हॉलिडे इन या साखळीने संगणकावर खोल्या राखून द्यायला सुरुवात केली, आणि माणूस पोचायच्या आधीच खोली त्याच्या नावावर चढू लागली. पण नावावर चढलेली खोली त्या सकाळी अजून आदल्या रात्रीच्या माणसाच्या ताब्यात असते! एका खोलीचे दोन मालक एकाच सकाळी नकोत, म्हणून दिवस कुठेतरी तोडणं भाग होतं. सगळ्यांची बिलं एका ठोक्याला मिटवायला दुपारचे बारा सोयीचे. (‘बारा’ तरी कोणाचे? १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ ठरली, पण मुंबई पुढे कित्येक दशकं तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे असलेली आपली ‘बॉम्बे टाइम’ चालवत होती.) नंतर त्या बाराचेही दोन तुकडे झाले. जाणाऱ्याने दहा-अकराला जायचं, येणाऱ्याने एक-दोनला यायचं. मधले दोन-तीन तास हाउसकीपिंगचे. चादरी-अभ्रे बदलायचे, बाथरूम घासायचं, केस वेचायचे, टॉवेल मोजायचे, मिनीबार तपासायचा. एका मुलाच्या वाट्याला अशा दहा-बारा खोल्या आल्या की एकची वेळही त्याला पुरत नाही. रिसेप्शनवर आवाज चढवणाऱ्यांनी हे एकदा डोळ्यांनी बघावं.

आता पुन्हा सिल्वासाकडे. सिल्वासा ज्या नगरहवेलीत आहे, ती १७८३ मध्ये पेशव्यांकडून पोर्तुगीजांकडे गेली आणि २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झालं. १९६० मध्ये गुजरात वेगळं झालं ते दारूबंदीसकट. या वेगळ्या इतिहासामुळे नगरहवेलीत ती बंदी नाही. त्यामुळे वापी, वलसाड, सुरतेहून शनिवार-रविवार साजरा करायला येणारे आणि मुंबईहून दमणगंगेच्या काठाची हवा खायला येणारे असे दोन्हीकडचे पाहुणे एकाच सकाळी एकाच काउंटरवर भेटतात. साध्या शनिवारी सकाळी बऱ्याचदा खोली रिकामी असते, कारण शुक्रवारी रात्री फारसं कोणी राहिलेलं नसतं. तेव्हा एकचा हट्ट धरणारा मॅनेजर नियमाच्या आडून आळस करतो, असं माझं स्पष्ट मत आहे. जोडून सुट्टी आली की मात्र तो खरं बोलत असतो.

डाकबंगल्याचा न्याय सगळीकडून गेलेला नाही. रातराणीने पहाटे पाचला उतरवलेल्यांसाठी आपल्या एसटी स्टँडांसमोर ‘२४ तास चेक-आउट’ अशी पाटी लावलेले लॉज आजही आहेत. तुम्ही आलात त्या मिनिटापासून तुमचा दिवस सुरू. देवस्थानांच्या गावी तर नुसती आंघोळ करून कपडे बदलण्यापुरती खोली मिळते. रेल्वेच्या विश्रामकक्षांचं बुकिंगही आता तासांवर होतं. मोठ्या हॉटेलांना हे जमत नाही असं नाही, त्यांना हिशेब एकाच वेळी मिटवायचा असतो.

तेव्हा सिल्वासाला पहाटे निघणार असाल तर आदल्या संध्याकाळी फोन करा. ‘अर्ली चेक-इन मिळेल का?’ असं विचारू नका. त्याचं ठरलेलं उत्तर ‘उपलब्धतेनुसार’ हेच असतं. ‘आज रात्री किती खोल्या रिकाम्या आहेत?’ असं विचारा. आणि बरोबर तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर सरळ आदल्या रात्रीचं भाडं भरा आणि सकाळी येणार असल्याचं सांगून ठेवा. नाही तर रात्री आला नाहीत म्हणून ती खोली दुसऱ्याला दिली जाते.