गंगथडीच्या कढईची कुळकथा

कायगावच्या पुलाजवळ मासे तळणारी जुनी माणसं तुकड्यांना मसाला लावण्याआधी चिंचेचं पाणी चोळतात. आता बरेच जण लिंबावर भागवतात. पण ज्यांच्या हाताला वळण आहे ते अजून चिंच भिजत घालतात. का म्हणून विचारलं तर उत्तर दोन शब्दांचं, ‘वास मारतो.’ मीही पुष्कळ वर्षं ते उत्तर तेवढ्यावरच घेतलं होतं. पुढे कळलं की या दोन शब्दांना जवळपास नऊशे वर्षांची पूर्वपीठिका आहे.

आमच्याकडे गोदावरीला गोदावरी फारसं कोणी म्हणत नाही. ती गंगा. तिच्या काठची काळ्या मातीची पट्टी ती गंगथडी, आणि गंगापूर तालुक्याच्या नावातही तीच गंगा. गंगापूरहून नगरच्या रस्त्याला लागलं की कायगाव येतं. पूल ओलांडला की प्रवरासंगम, म्हणजे नेवासे तालुका आणि दुसरा जिल्हा. नदीच्या दोन्ही काठांना देवळं आहेत, घाट आहेत, दशक्रियेचे विधी आहेत. आणि त्याच रस्त्यावर, देवळांपासून अंतर राखून, कढया आहेत. बाहेर परातीत हळद-तिखट लावलेले तुकडे, आत चार बाकडी, ताटात कांदा, लिंबू, भाकरी आणि मागाल तर रस्सा. गंगापुरात, वाळूजला, लासूर स्टेशनच्या बाजाराकडेही याच जातीची दुकानं दिसतात. परगावचा पाहुणा त्यांना ‘मच्छी सेंटर’ म्हणून ओळखतो. आमच्या तोंडी मात्र ‘मासोळी खायला चाललो’ असंच येतं.

आधी शब्दाचं कूळ पाहू. ‘तळणे’ हा आपला शब्द संस्कृतातल्या ‘तलित’च्या घरचा. तलित म्हणजे तळलेलं. म्हणजे तळण्याची क्रिया या भूमीला कोणी बाहेरून शिकवलेली नाही. पण तळलेल्या माशाची रीतसर कृती हवी असेल तर ‘मानसोल्लास’कडे जावं लागतं. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास हा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. सेऊणदेशाचे यादव तेव्हा चालुक्यांचे मांडलिक होते, त्यामुळे गोदावरीचा हा काठही त्याच सत्तेच्या छायेत होता. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, ही नोंद ज्या ग्रंथामुळे मराठी अभ्यासकांना प्रिय आहे, तोच हा ग्रंथ. त्यात ओवी आहे तशी मासोळीही आहे, आणि तिच्याकडे आपण फारच कमी लक्ष दिलं असं माझं मत आहे.

सोमेश्वराने गळ टाकून मासे धरण्याचा एक वेगळा विनोदच, म्हणजे करमणुकीचा खेळच, वर्णिला आहे. पस्तीसेक जातींचे मासे, कोणता समुद्रातला, कोणता नदीतला, कोणाला कसलं आमिष लावायचं, सगळं आहे. स्वयंपाकाच्या भागात कृती येते. माशाचे तुकडे करून स्वच्छ धुवायचे, चिंचेच्या रसात शिजवायचे, वर गव्हाचं पीठ सढळ भुरभुरायचं आणि तापल्या तेलात तांबूस होईपर्यंत तळायचं. मग सैंधव, आणि वर वेलदोड्याची व मिऱ्यांची पूड.

कायगावच्या परातीशेजारी ही कृती ठेवून पाहा. चिंच तीच, तापलं तेल तेच, वरून पिठाचा हात तोच. मिरं आणि वेलदोडा गेला, तिथे लाल तिखट आलं. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात उतरली, तेव्हा सोमेश्वराच्या मुदपाकखान्यात ती असणं शक्यच नव्हतं. गव्हाच्या पिठाची जागा बेसनाने, तांदळाच्या पिठाने किंवा रव्याने घेतली. सांगाडा मात्र जागचा हललेला नाही.

चिंच का टिकली, याचं उत्तर चिखलात आहे. गोड्या पाण्यातल्या माशाला जो मातकट वास येतो तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. तळाच्या गाळातले सूक्ष्मजीव आणि पाण्यातली निळी-हिरवी शेवाळं ते तयार करतात आणि माशाच्या अंगात ते मुरतं. पहिल्या पावसात मातीचा जो वास आपल्याला वेड लावतो तोही याच द्रव्याचा. रानात हवासा, ताटात नकोसा. हे जिओस्मिन आंबटापुढे टिकत नाही. समुद्राच्या माशाला चिंच-कोकम लावतात ते मुख्यतः चवीसाठी, नदीच्या माशाला तिची खरी गरज असते. बाराव्या शतकातल्या आचाऱ्याला जिओस्मिन हे नाव ठाऊक नव्हतं. ‘वास मारतो’ एवढं त्याला ठाऊक होतं, आणि तेवढं पुरलं.

कृतीचं कूळ झालं. दुकान कसं उभं राहतं हे पाहायला आता थोडं दूर, विलायतेला. तिथे गल्लोगल्ली मासे आणि तळलेल्या बटाट्याच्या फोडी विकणारी दुकानं आहेत आणि इंग्रज माणूस ती आपली राष्ट्रीय ठेव मानतो. त्यांचंही कूळ शोधलं तर घर परक्याचं निघतं. पीठ लावून तेलात मासा तळण्याची रीत स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या ज्यूंनी तिकडे नेली. शनिवारी त्यांना चूल पेटवणं वर्ज्य, म्हणून शुक्रवारी मासा तळून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी गार खायचा. बटाटा दक्षिण अमेरिकेतला. आपला ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीजच. या दोघांची जोडी पहिल्यांदा कोणी विकली यावर तिथे अजून वाद आहे. कोणी पूर्व लंडनमधल्या जोसेफ मालिन या ज्यू दुकानदाराचं नाव घेतं आणि १८६० चा सुमार सांगतं, कोणी लँकेशायरातल्या मॉसली गावच्या जॉन लीसचं आणि १८६३ चं. मला त्या वादापेक्षा त्यामागची गोष्ट महत्त्वाची वाटते. वाफेच्या बोटी उत्तर समुद्रातून मासा खोऱ्याने आणू लागल्या, आगगाडी तो रातोरात गिरण्यांच्या गावी पोचवू लागली, आणि पाळी संपवून निघालेल्या मजुराला चूल पेटवण्याचं त्राण नव्हतं. पाणी, रस्ता आणि मजुरी या तीन गोष्टी एकत्र आल्या आणि दुकान उभं राहिलं. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या सरकारने लोणी, साखर, मांस रेशनवर टाकलं, पण या दुकानांतल्या अन्नाला हात लावला नाही. कष्टकऱ्याचं मन त्यात गुंतलेलं आहे, हे सरकारलाही कळत होतं.

गंगापूरच्या कढईचं पाणी कोणतं? ते आलं १९६५ नंतर. त्या वर्षी १८ ऑक्टोबरला लालबहादूर शास्त्रींनी पैठणजवळ धरणाची कोनशिला बसवली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. मूळ बेत बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ धरण बांधायचा होता. जागा बदलून पैठणला आली, नाव मात्र जायकवाडीच राहिलं. जवळजवळ दहा किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे, १०० टीएमसीहून जास्त पाणी आणि मागे सुमारे ५५ किलोमीटर पसरलेला नाथसागर. त्या सागराचं वरचं टोक आमच्या कायगावला येऊन भिडतं. गंगथडीची सगळ्यात कसदार जमीन त्याने पोटात घेतली. गावं उठली, माणसं वर माळाला गेली. जुनं कायगाव आणि नवं कायगाव हा भेद तेव्हापासूनचा. खाली पाणी पिकांना गेलं, शहराला गेलं, कारखान्यांना गेलं. ज्यांच्या वाड्या बुडाल्या त्यांच्या वाट्याला काय आलं, याचा हिशेब मांडताना मासोळी हा शब्द लिहावाच लागतो.

नदीवर पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणारे भोई आणि गळ-गरी घेऊन काठाने हिंडणारे भिल्ल यांच्यापुढे अचानक समुद्रासारखं पाणी पसरलं. नदीतली मरळ आणि वाम होतीच. धरणात रोहू, कटला आणि मृगळ यांचं बीज सोडलं जाऊ लागलं. ही घराणी गंगेच्या, म्हणजे खऱ्या उत्तरेकडच्या गंगेच्या खोऱ्यातली. साचलेल्या पाण्यात ती सहजी वीत नाहीत. १९५७ च्या १० जुलैला ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवून आणली आणि मत्स्यबीज मुबलक मिळण्याचा मार्ग उघडला. देशभर १० जुलै हा मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात तो त्यामुळेच. आणि चिलापी तर थेट आफ्रिकेची, भारतात आली १९५२ मध्ये. म्हणजे कायगावच्या परातीतले बहुतेक मासे निर्वासितच आहेत. आणि ते धरून आणणारी माणसंही कित्येकदा बुडालेल्या गावांची आहेत. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून पहाटे जाळी उचलणाऱ्या माणसाच्या खाली, पाण्यात, त्याच्या आज्याचं शेत असू शकतं. मला तरी त्या ताटाकडे नुसतं चवीचं म्हणून बघवत नाही.

रस्ता नगर-संभाजीनगरचा होताच. मजुरी आली ती वाळूजहून. वाळूज हे गाव गंगापूर तालुक्यातच येतं. १९८० च्या दशकात तिथे एमआयडीसी उभी राहिली, बजाजचा कारखाना आला आणि त्यामागे शेकडो लहान-मोठे कारखाने. कोकणातला, बिहारातला, बंगालातला माणूस भाड्याच्या खोल्यांत राहू लागला. त्याला मासा हवा होता आणि नाथसागर हाकेच्या अंतरावर होता. लँकेशायरात जे घडलं तेच शंभरेक वर्षांनी इथे घडलं, फक्त बटाट्याच्या जागी बाजरीची भाकरी आली.

पण आमच्या दुकानाच्या ओढीमागे आणखी एक कारण आहे आणि ते विलायतेत सापडणार नाही. पैठणच्या नाथांची ही भूमी. घरोघरी माळकरी. ‘घरात चालत नाही’ हे वाक्य गंगथडीतल्या निम्म्या घरांत ऐकू येईल. आई माळकरी, आजी माळकरी, मुलाला मात्र मासोळीची चटक. भांडं बाटवायचं नाही, आईचं मन दुखवायचं नाही, तर मग जायचं कुठे? वेशीबाहेरच्या त्या चार बाकड्यांवर. दुकानाने घराची शिस्तही राखली आणि जिभेची हौसही. त्याला कोणी लपवाछपवी म्हणेल, मी म्हणणार नाही. आईला ठाऊक असतं, मुलाला ठाऊक असतं की तिला ठाऊक आहे, आणि दोघं एकमेकांचा मान ठेवतात. म्हणूनच आषाढात या दुकानांत बसायला जागा नसते आणि श्रावण लागला की कढया पालथ्या पडतात. घरात आखाड तळतात तेव्हा गोड पुऱ्या आणि कापण्या तळतात, वेशीबाहेर मासोळी. भर पावसात तळण खाण्याची हौस दोन्हीकडे सारखीच.

तळणाऱ्याचं कसब बघायचं तर रोहूच्या तुकडीकडे बघा. या जातीच्या माशांच्या मांसात दुबेळक्यासारखे बारीक काटे असतात आणि त्यापायी पुष्कळ जण नदीचा मासा सोडतात. चांगला कारागीर तुकडीला अगदी जवळजवळ, पण सालीपर्यंत न जाणाऱ्या चिरा देतो. तापलं तेल त्या चिरांतून आत शिरतं आणि काटे कुरकुरीत होऊन मांसाबरोबरच चावले जातात. तुकडी तेलात पडली की आतलं पाणी वाफ होऊन जोराने बाहेर येत असतं, म्हणून तेल आत मुरत नाही. बुडबुडे मंदावले, चरचर बारीक झाली की तो झारा उचलतो. तो घड्याळ बघत नाही, कान देतो. क्षणभर उशीर झाला की वाफ संपते आणि तेल आत जातं.

हे दुकान गावापुरतंच का राहतं, मोठं का होत नाही, यालाही उत्तर आहे. पहाटे धरलेला मासा संध्याकाळपर्यंतच खरा. पाण्यापासून दूर गेलं की बर्फ लागतो, बर्फाने मांस सैल पडतं, आणि मग मसाला वाढवावा लागतो. कायगावला मसाला कमी असतो, हे लक्षात घ्या.

वाचकांना एक विनंती आहे. पावसाळ्यात पहिला पूर आला की मासा धारेच्या उलट अंगाला चढतो, अंडी टाकायला. नाथसागराचं वरचं तोंड म्हणजे आमचंच पात्र, त्यामुळे चढणीचा मासा इथे सहज जाळ्यात येतो. त्या दिवसांत पोट फुगलेला रोहू, कटला, मृगळ कोणी पुढे केला तर घेऊ नका. वितीएवढं पिल्लूही कढईत पाहिलं तर दुकानदाराला नको म्हणून सांगा. गिऱ्हाईक नको म्हणालं की बारीक आसाचं जाळं आपोआप मागे पडतं. त्या दिवसांत चिलापी मागा. तिला काटे कमी, ती अंडी तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा विते.