खाणावळवालीची उधारी

‘आज रोख, उद्यां उधार’ ही पाटी दुकानांत लावण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. पाटी विनोदी असली तरी तिच्यांतलें व्यापारसूत्र खरें आहे. उधारीनें गिऱ्हाईक वाढतें, पण भांडवल बुडतें, असा दुकानदारांचा अनुभव. असें असतांना मुंबईच्या गिरणगांवांत एक लहानसा धंदा असा वाढीस लागला कीं, उधारी हाच ज्याचा पाया होता. हा धंदा म्हणजे खाणावळीचा. तेथें जेवणाऱ्या पुरुषांपैकीं फार मोठा भाग रत्नागिरी जिल्ह्यांतून आलेला होता; म्हणून ही हकीकत मुंबईइतकीच रत्नागिरीच्याहि इतिहासांत मोडते.

कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत कापडाची पहिली गिरणी उभारण्यास आरंभ केला आणि १८५६ सालीं तिचें काम सुरू झालें. पुढें गिरण्यांची संख्या वाढत गेली, तशी मजुरांची गरजहि वाढली. ती भागविण्यांत रत्नागिरी जिल्हा अग्रेसर राहिला. कोंकणची जमीन डोंगराळ, तिचे वांटे बारीक, आणि पीक मुख्यतः पावसाळी भाताचें व नाचणीचें. घरांत चार भाऊ असले तर त्यांतल्या दोघांनीं आगबोट धरून मुंबई गांठावी, हा रिवाजच पडून गेला. १९२१ च्या खानेसुमारीच्या वेळीं मुंबईंत राहणारांपैकीं दोन लक्षांहून अधिक लोक रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेले होते. पुढें १९८१ सालीं वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हां रत्नागिरींतच होता, हें येथें ध्यानांत ठेविलें पाहिजे. हे चाकरमानी बहुधा एकटे राहात. बायकामुलें व वडील माणसें गांवीं शेती सांभाळीत आणि दरमहा येणाऱ्या मनिऑर्डरीची वाट पाहात.

अशा एकट्या माणसानें जेवावें कोठें? दहापंधरा जण मिळून एक खोली भाड्यानें घेत. पण तेथें चूल मांडण्यास सवड नसे व जागाहि नसे. मग शेजारच्या चाळींतली एखादी गांवकरीण, गिरणीकामगाराचीच पत्नी किंवा विधवा, आपल्या घरच्या स्वयंपाकांत चार माणसांची भर घाली. चारांचीं दहा होत, दहांचीं वीस होत, आणि ती खाणावळवाली म्हणून ओळखली जाऊं लागे. तिचें भांडवल म्हणजे एक खोली, कांहीं भांडीं आणि वाण्याकडची पत.

पगाराची पद्धतहि उधारीस भाग पाडणारी होती. गिरणीचा पगार महिन्याचा असे, पण महिना संपतांच तो हातीं पडत नसे. पुढील महिन्याचा पहिला पंधरवडा बहुतेक सरून जाई. नव्यानें कामावर लागलेल्या माणसास पहिला पगार दिसेपर्यंत जवळजवळ दीड महिना काढावा लागे. पुढें १९३६ च्या वेतन कायद्यानें मोठ्या कारखान्यांस पगार वांटण्यासाठीं दहाव्या दिवसाची मुदत घालून दिली. तोंपर्यंत मजुराला सावकाराचें दार सुटलें नव्हतें. मुंबई सरकारच्या मजूर कचेरीनें १९२३ सालीं मजूर कुटुंबांच्या जमाखर्चाचा अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत शेंकडा ४७ कुटुंबें कर्जांत असल्याचें नमूद आहे. रुपयास दरमहा एक आणा, म्हणजे सालीना शेंकडा ७५, हा व्याजाचा दर त्या वस्तींत नवलाचा नव्हता.

अशा ठिकाणीं, आधीं महिनाभर वाढावयाचें आणि पैसे पगारानंतर घ्यावयाचे, हा खाणावळीचा नियम मोठा आधार ठरला. त्यांत लहानसहान औदार्याचीहि भर पडे. रात्रपाळीच्या माणसाचा डबा वेळेवर भरून ठेवणें, तापानें पडलेल्याला पेज करून देणें, नारळी पौर्णिमेस नारळीभाताचा घांस वाढणें, गांवाहून नुकत्या आलेल्या बेकार पोराला त्याच्या काकाच्या शब्दावर जेवूं घालणें, या गोष्टींचा निराळा आकार लावला जात नसे. त्याची फेड रोख पैशांत होत नसे. ती दुसऱ्या रीतीनें होई. गिरणी बदलली तरी माणूस खाणावळ सहसा बदलीत नसे. आणि धाकटा भाऊ मुंबईस आला म्हणजे तोहि त्याच पंगतीस बसे. खाल्ल्या मिठाला जागणें हा आपल्या भाषेंतला जुना वाक्प्रचार येथें अक्षरशः खरा होई.

याला निव्वळ दया म्हणतां येणार नाहीं, आणि निव्वळ हिशेबहि म्हणतां येणार नाहीं. उधारीला तारण होतें, पण तें दागिन्यांचें नव्हतें. जेवणारा कोणत्या गांवचा, कोणाचा मुलगा, हें वाढणारीला ठाऊक असे. पैसे बुडविणाऱ्याची अपकीर्ति पहिल्या आगबोटीनें गांवीं पोंचणार, याची जाणीव दोघांनाहि असे. जेथें ओळख इतकी दाट, तेथें औदार्यांतला धोका कमी होतो.

विलायतेंतल्या एका उदाहरणाशीं हें ताडून पाहण्याजोगें आहे. १८४४ सालच्या डिसेंबरांत रॉशडेल गांवच्या कांहीं विणकरांनीं व कारागिरांनीं मिळून सहकारी दुकान उघडलें. गिऱ्हाईकही कामगारच, धंदाही कापडाचाच. परंतु त्यांनीं पहिल्यापासून उधारी बंद ठेविली, कारण उधारीनें आधींचीं अशीं दुकानें बुडालेलीं त्यांनीं पाहिलीं होतीं. गिऱ्हाइकाला धरून ठेवण्यासाठीं त्यांनीं नफ्याचा वांटा खरेदीच्या प्रमाणांत परत देण्याची युक्ति काढली. रॉशडेलच्या दुकानाचें औदार्य हिशेबाच्या शेवटीं येई. खाणावळवालीचें आरंभींच येई. म्हणूनच तें अधिक मोलाचें होतें, आणि अधिक धोक्याचेंहि.

धोका संपांत दिसून येई. १९२८ सालीं मुंबईंतील सुमारें दीड लक्ष गिरणीकामगारांचा संप एप्रिलांत सुरू झाला, तो ऑक्टोबरांत मिटला. पुष्कळ कामगार कोंकणांत निघून गेले. पण मागें राहिलेल्यांना अन्न हवेंच होतें. अशा लांबलेल्या संपांत पगार थांबे, पण पंगत थांबत नसे. खाणावळवाली जें वाढी, तें तिनें स्वतः वाण्याकडून किंवा सावकाराकडून कर्जानें आणलेलें असे. म्हणजे तिचें औदार्य दुसऱ्याच्या व्याजावर उभें होतें, आणि तें व्याज तिलाच भरावें लागे. १९७४ सालच्या संपांतहि हेंच घडलें. कामगारांच्या मागण्यांच्या यादींत मात्र त्यांना जेवूं घालणाऱ्या या बायकांसाठीं एकहि कलम नव्हतें.

ही उणीव प्रेमा पुरव या कामगार चळवळींतल्या कार्यकर्तीच्या मनांत सलली. १९७५ सालीं त्यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें. १९६९ सालीं बँकांचें राष्ट्रीयीकरण झालेलें होतें. लहान धंद्यांस कर्ज देण्याचें धोरण जाहीर होतें. त्याचा आधार घेऊन मंडळानें खाणावळवाल्यांना बँकेचें कर्ज मिळवून दिलें. तारण ठेवण्यास दागिना नसलेल्या या बायका एकमेकींस जामीन राहिल्या. ज्या ओळखीवर त्या वर्षानुवर्षें उधार वाढीत आल्या होत्या, तीच ओळख आतां त्यांची पत झाली, आणि वाढणारीच्या डोक्यावरचा व्याजाचा भार हलका होऊं लागला.

परंतु कोणत्याहि औदार्याला मर्यादा असतेच. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष कामगार उतरले, आणि तो संप रीतसर मागें घेतलाच गेला नाहीं. एका मागून एक गिरण्या बंद पडत गेल्या. ज्यांच्याकडे थकबाकी होती, ते कामगार हजारोंनीं गांवीं परतले. त्यांची नियत चांगली असली तरी देण्यास हातीं कांहीं उरलें नव्हतें. पुष्कळ खाणावळींचीं बुडीत खातीं बुडीतच राहिलीं. गिऱ्हाइकाची निष्ठा महिन्याची तूट भरून काढते; गिऱ्हाइकाची भाकरीच गेली तर ती तूट निष्ठेनें भरून निघत नाहीं. म्हणून जो धंदेवाला उदारपणानें माणसें जोडूं पाहतो, त्यानें आपण वाढतों तें अन्न कोणाच्या कर्जाचें आहे, हें आधीं पाहून ठेवावें. गिरणगांवांतल्या बायकांना हें ठाऊक होतें. तरी दारीं उपाशी आलेल्या गांवकऱ्याला परत पाठविणें त्यांना पटलें नाहीं.