दगडावरची दहा नावे : पेनिसिलिन घडवणारी ऑक्सफर्डची प्रयोगशाळा (दीर्घ धागा)

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानाच्या प्रवेशद्वारापाशी गुलाबांची एक छोटी बाग आहे. तेथे १९५३ साली बसवलेल्या शिळेवर दहा नावे कोरलेली आहेत. पेनिसिलिनचे औषधी मोल ज्यांनी सिद्ध केले, त्या या विद्यापीठातील संशोधकांची ही नावे होत. अलेक्झांडर फ्लेमिंग हे नाव त्यांत नाही आणि ते योग्यच आहे. फ्लेमिंग लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयाचे.

शाळेत सर्वांनी वाचलेली कथा अशी : १९२८ साली फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत बुरशी पडली, भोवतालचे जंतू मेले आणि पेनिसिलिन सापडले. कथा खोटी नाही, पण ती जेथे संपते तेथे औषध अजून जन्मालाही आलेले नव्हते. फ्लेमिंग यांनी १९२९ साली निबंध प्रसिद्ध केला. परंतु बुरशीच्या रसातील तो नाजूक पदार्थ शुद्ध आणि टिकाऊ रूपात हाती येईना, आणि पुढे दहा वर्षे विषय जवळजवळ तसाच पडून राहिला. बशीतील बुरशीपासून रुग्णाच्या शिरेतील औषधापर्यंतचा प्रवास घडला तो ऑक्सफर्डच्या सर विल्यम डन स्कूल ऑफ पॅथॉलॉजी या विभागात, १९३९ ते १९४१ या काळात, ऐन महायुद्धात.

विभागाचे प्रमुख हॉवर्ड फ्लोरी हे मूळचे ऑस्ट्रेलियातील ॲडलेडचे. १९३५ साली ते येथे प्राध्यापक झाले. स्वभावाने तुटक, स्तुतीत कंजूष, वृत्तपत्रांचा तिटकारा असलेला हा माणूस. पण कोणाला कोणते काम द्यावे याची त्यांची पारख अचूक होती. एकाच प्रश्नावर रसायनज्ञ, जंतुशास्त्रज्ञ, शरीरक्रियेचे अभ्यासक आणि डॉक्टर यांना एकत्र बसवण्याची पद्धत त्या काळच्या विद्यापीठांत रूढ नव्हती.

अर्न्स्ट चेन हे बर्लिनचे ज्यू जीवरसायनज्ञ. हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, १९३३ मध्ये, ते इंग्लंडला आले. आरंभी त्यांनी केंब्रिजला हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागात काम केले. (काही वर्षांनी याच विभागात कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांनी पीएच.डी. केली.) चेन यांची आई आणि बहीण जर्मनीतच राहिल्या, त्या दोघीही नाझींच्या छळाला बळी पडल्या. जुने शोधनिबंध चाळताना १९३८ च्या सुमारास फ्लेमिंग यांचा निबंध चेन यांच्याच नजरेस पडला. ती बुरशी कोठून आणावी असा प्रश्न पडला, तेव्हा ती त्याच इमारतीत, एका जुन्या प्राध्यापकांच्या संग्रहात, वर्षानुवर्षे जोपासली जात असल्याचे कळले.

तिसरे नॉर्मन हीटली. सप्टेंबर १९३९ मध्ये ते कोपनहेगनला संशोधनासाठी निघणार होते; युद्ध पुकारले गेले आणि बेत रद्द झाला. चेन यांच्याशी त्यांचे मुळीच पटत नसे. चेन यांच्या हाताखाली काम करणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले, तेव्हा फ्लोरी यांनी त्यांना थेट आपल्या अखत्यारीत घेतले. पेनिसिलिनच्या इतिहासातील हा एक निर्णायक प्रशासकीय निर्णय म्हणावा लागेल.

अडचण अशी होती. बुरशीच्या रसाला आम्ल केले की पेनिसिलिन ईथरमध्ये उतरे, पण ईथरमधून ते पुन्हा सुखरूप बाहेर कसे काढावे हे कोणाला सुचत नव्हते. मार्च १९४० मध्ये हीटली यांनी सुचवले, की हे ईथर उदासीन केलेल्या पाण्याबरोबर घुसळावे. पेनिसिलिन आपोआप पाण्यात परत येईल. चेन यांना ही कल्पना फारच बाळबोध वाटली. हीटली यांनी ती करून पाहिली आणि ती यशस्वी झाली. पेनिसिलिनचे बळ मोजण्याची रीतही त्यांचीच : जंतू पसरलेल्या बशीवर लहान नळकांडी उभी करायची, त्यांत रस भरायचा आणि भोवती जंतुरहित वर्तुळ किती रुंद उमटते ते पाहायचे. मोजमापच नसते तर आजचा रस कालच्यापेक्षा बरा की वाईट हे कळले नसते, आणि पुढचे सारे अंदाजावर चालले असते.

शनिवार, २५ मे १९४०. आठ उंदरांना स्ट्रेप्टोकोकाय जंतूंची मारक मात्रा टोचण्यात आली. तासाभराने त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन दिले गेले : दोघांना एकदाच, दोघांना थोडे थोडे अनेकदा. फ्लोरी यांचे जुने प्रयोगशाळा-साहाय्यक जेम्स केंट टोचणीच्या कामाला होते. केंब्रिजपासून ते फ्लोरी यांच्याबरोबर होते. रात्री पहारा दिला हीटली यांनी. पहाटे पावणेचारच्या सुमारास औषध न मिळालेला शेवटचा उंदीर मेला. औषध मिळालेले चारही जिवंत होते. ब्लॅकआउटच्या काळोखात हीटली सायकलवरून घरी गेले. त्याच दिवशी, २६ मे रोजी, डंकर्कहून ब्रिटिश सैन्य माघारी आणण्यास प्रारंभ झाला.

जर्मन सैन्य इंग्लंडमध्ये उतरेल ही भीती तेव्हा खरी होती. तसे झाल्यास प्रयोगाची सामग्री व टिपणे नष्ट करायची, असे ठरले. तरीही बुरशी वाचावी म्हणून संशोधकांनी आपल्या कोटांच्या अस्तरांत तिचे बीजाणू चोळून ठेवले. कोणी एक जण जरी निसटला असता, तरी त्याच्या अंगावरच्या कपड्यातून काम पुन्हा सुरू करता आले असते.

२४ ऑगस्ट १९४० च्या लॅन्सेटमध्ये पहिला निबंध आला. त्यावर सात नावे होती, आडनावांच्या वर्णक्रमाने : चेन, फ्लोरी, गार्डनर, हीटली, जेनिंग्ज, ऑर-युइंग, सँडर्स. मार्गारेट जेनिंग्ज आणि जीन ऑर-युइंग या दोघी स्त्रिया. निबंध वाचून सप्टेंबरच्या आरंभी फ्लेमिंग स्वतः ऑक्सफर्डला आले. ते हयात नसावेत, अशीच चेन यांची समजूत होती!

उंदीर वाचला, पण माणूस त्याच्या हजारो पटींनी जड. एका गंभीर रुग्णासाठी सुमारे दोन हजार लिटर रस लागेल असा हिशेब होता. युद्धात गुंतलेले ब्रिटिश औषध कारखाने ही जबाबदारी घेण्याच्या स्थितीत नव्हते. मग फ्लोरी यांनी विद्यापीठाच्या विभागाचाच कारखाना केला.

बुरशी उथळ द्रवाच्या पृष्ठभागावर वाढते, म्हणून बिस्किटांचे डबे, पत्र्याची भांडी, ताटल्या असे जे मिळेल त्यात ती वाढवून पाहिली गेली. सर्वांत सोयीचे ठरले रुग्णालयातील बेडपॅन. त्याच घाटाची, एकावर एक रचता येतील अशी चिनी मातीची भांडी हीटली यांनी आखली आणि स्टॅफर्डशायरमधील बर्स्लेमच्या एका कुंभारकाम-कारखान्याने ती घडवली. २३ डिसेंबर १९४० रोजी हीटली यांनी उसन्या व्हॅनमधून पहिली १७४ भांडी आणली. ती धुऊन निर्जंतुक केली गेली आणि नाताळच्या दिवशी त्यांत बुरशी पेरली गेली.

रस शुद्ध करण्याचे यंत्रही हीटली यांनी जुळवले. बोडलियन ग्रंथालयाने टाकून दिलेले पुस्तकांचे कपाट हा त्याचा सांगाडा. त्यावर काचेच्या नळ्या आणि बाटल्या. बाटली भरली की सूचना देण्यासाठी दारावरची घंटा. दूधधंद्यातील पिंपे आणि न्हाणीघरातील टबही कामी आले. युद्धकाळात नवे काही मिळतच नव्हते.

आणि हे सारे चालवणार कोण? त्यासाठी सहा तरुण मुली नेमल्या गेल्या. ‘पेनिसिलिन गर्ल्स’ हे त्यांचे टोपणनाव. पगार आठवड्याला दोन पौंड. भांडी धुणे, निर्जंतुक करणे, फवाऱ्याने बीजाणू पेरणे, काही दिवसांनी बुरशीच्या थराखालचा रस शोषून काढणे आणि त्याच थराखाली नवे पोषक द्रव भरणे, हा त्यांचा दिनक्रम. एखाद्या भांड्यात परका जंतू शिरला तर तो घाण बुरशीने जमवलेले पेनिसिलिनच नष्ट करू शकत असे. म्हणून डोक्याला टोपी, तोंडाला मुखपट्टी आणि हातांना अतोनात शिस्त. पेनिसिलिन उष्णतेने बिघडते, म्हणून रसाचे काम थंड खोलीत, गरम कपडे घालून, ईथर आणि अमायल ॲसिटेटच्या वासात चाले. आज कोणतीही सुरक्षा समिती त्या खोलीला परवानगी देणार नाही.

१२ फेब्रुवारी १९४१ रोजी रॅडक्लिफ रुग्णालयात ॲल्बर्ट अलेक्झांडर या ४३ वर्षांच्या पोलीस शिपायाला पेनिसिलिन देण्यात आले. चेहऱ्यावर, डोक्यावर गळवे पसरलेली, एक डोळा काढावा लागलेला, फुप्फुसांपर्यंत संसर्ग पोहोचलेला. उपचार डॉ. चार्ल्स फ्लेचर यांच्या हाती होते. एका दिवसातच फरक दिसू लागला. ताप उतरला, रुग्ण जेवू लागला. साठा मात्र इतका अपुरा होता, की रुग्णाच्या लघवीतून बाहेर पडणारे पेनिसिलिन गोळा करून सायकलवरून प्रयोगशाळेत नेले जाई, पुन्हा वेगळे केले जाई आणि त्यालाच टोचले जाई. पाच दिवसांत सारे संपले. १५ मार्चला अलेक्झांडर मरण पावले.

औषध लागू पडते हे कळले होते, आणि ते पुरेसे नाही हेही. त्यानंतर फ्लोरी यांनी मुख्यतः लहान मुले निवडली, कारण त्यांना मात्रा कमी लागे. पुढे डॉक्टर असलेल्या त्यांच्या पत्नी एथेल यांनी रुग्णांवरील चाचण्यांची मोठी जबाबदारी उचलली. १९४३ साली या दांपत्याने १८७ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला.

जून १९४१ च्या अखेरीस फ्लोरी आणि हीटली बुरशी घेऊन अमेरिकेला गेले. आपल्याला वगळले गेल्याचे चेन यांना अगदी निघण्याच्या वेळी समजले आणि ती जखम कायम राहिली. पेनिसिलिनचे पेटंट घ्यावे, हा त्यांचा आग्रहही ब्रिटिश वैद्यकीय धुरिणांनी अनैतिक म्हणून धुडकावला होता. पुढे उत्पादनाच्या पद्धतींची पेटंटे अमेरिकेत घेतली गेली, तेव्हा चेन यांचा व्यवहार अगदीच चुकीचा नव्हता हे दिसून आले. इलिनॉयमधील पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चउद्योगातील टाकाऊ पाणी पोषक द्रवात मिसळताच उत्पादन कित्येक पटींनी वाढले. त्या कामावर तेथील सहकाऱ्याने निबंध लिहिला. त्यात हीटली यांचे नाव नव्हते.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये फ्लेमिंग यांचे गुरू आल्मरॉथ राइट यांनी लंडनच्या टाइम्सला पत्र लिहून श्रेयाची माळ शिष्याच्या गळ्यात घातली. पत्रकार सेंट मेरीजकडे धावले. फ्लोरी यांनी आपल्या दारातून त्यांना परत पाठवले. लोकांना एकट्या फ्लेमिंगची कथा आवडली यात नवल नाही, पण तिला मोकळे रान देण्यात फ्लोरी यांच्या या ताठरपणाचाही वाटा होता. १९४५ चे नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना विभागून मिळाले. एका पारितोषिकात तिघांहून अधिक बसत नाहीत.

दहा वर्षांत हे औषध पुण्याच्या वेशीवर आले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि १९५५ साली तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. बेडपॅनची जागा तोवर पोलादी टाक्यांनी घेतली होती.

हीटली ऑक्सफर्डमध्येच काम करत राहिले. १९९० साली विद्यापीठाने त्यांना वैद्यकशास्त्राची सन्माननीय डॉक्टरेट दिली. वैद्य नसलेल्या व्यक्तीला ती तेथे प्रथमच मिळत होती. तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. २००४ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले.

बागेतील शिळेवर हीटली आहेत, जेनिंग्ज आहेत, ऑर-युइंग आहेत, एथेल फ्लोरीही आहेत. उंदरांना टोचणारे जेम्स केंट तेथे नाहीत, आणि नाताळात पेरलेल्या भांड्यांतून महिनोन्महिने रस काढणाऱ्या सहा मुलींपैकी एकीचेही नाव नाही.