टोकियोस कलाकौशल्य शिकण्यास गेलेले हिंदी विद्यार्थी

मंडळाच्या त्रैमासिकांत पेशवेकालीन पत्रव्यवहारास जें अग्रस्थान मिळतें तें योग्यच आहे. परंतु आपल्या आजे-पणज्यांच्या पेट्यांतील कागदहि आतां शंभर वर्षांचे झाले, ही गोष्ट आपल्या ध्यानांत येत नाहीं. मोडी अक्षर नाहीं, शिक्कामोर्तब नाहीं, कोणा सरदाराचें नांव नाहीं, म्हणून असला कागद वजनावर विकला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभीं कांच, साबण, आगकाड्या, चिनी मातीचीं भांडीं इत्यादि धंदे शिकण्यासाठीं जे हिंदी तरुण टोकियोस गेले, त्यांच्या कागदांची हीच गत होत आहे. त्यांविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

या बाबतींत माझ्या हातून एक अपराध घडला आहे, तो प्रथमच सांगून टाकतों. मी दहा-अकरा वर्षांचा असतांना आमच्या वाड्यांतील एका बिऱ्हाडानें आपली जुनी पेटी रद्दीवाल्यास दिली. त्या घरचे कोणी मामा जपानांत राहून आलेले. काय शिकून आले, याविषयीं घरांतच एकमत नव्हतें. कोणी साबण म्हणे, कोणी आगकाड्या. पेटींत लिफाफ्यांचा एक गठ्ठा होता. मला तेव्हां तिकिटांचा नाद. मीं कात्री घेऊन ओळीनें सगळीं तिकिटें कापून घेतलीं आणि पत्रें रद्दीच्या पोत्यांत परत टाकलीं. पुढें चाळीस वर्षें वर्गावर मुलांस साधनांचें महत्त्व शिकविलें, पण तें पोतें कधीं विसरलों नाहीं.

विलायत सोडून टोकियोच कां, हा पहिला प्रश्न. सामान्य समजूत अशी कीं, १९०५ च्या मे महिन्यांत त्सुशिमाच्या सामुद्रधुनींत जपाननें रशियाचें आरमार बुडविलें, तेणेंकरून आमच्या तरुणांचे डोळे पूर्वेकडे वळले. ही समजूत खोटी नाहीं, अपुरी आहे. हिंदी लोकांच्या शास्त्रीय व औद्योगिक शिक्षणासाठीं कलकत्त्यास योगेंद्रचंद्र घोष यांच्या खटपटीनें जी संस्था निघाली, आणि जिनें पुढें अनेक विद्यार्थी जपान, युरोप व अमेरिका येथें धाडले, ती १९०४ सालची; म्हणजे त्सुशिमाच्या आधींची. विलायतेपेक्षां जपानचा खर्च कमी, आणि थोड्या भांडवलावर चालणारे लहान धंदे तेथें प्रत्यक्ष पाहावयास मिळत. ज्याच्यापाशीं लाखाचें भांडवल नाहीं त्यानें मँचेस्टरची गिरणी पाहून तरी काय करावें?

या विद्यार्थ्यांचें एक मुख्य गुरुकुल म्हणजे टोकियोचें उच्च औद्योगिक विद्यालय. तें १८८१ सालीं ‘कारागिरांची शाळा’ अशा अर्थाच्या नांवानें स्थापन झालें. १८९० त नांव बदललें, आणि १९०१ त पुन्हा बदलून ‘उच्च’ हें विशेषण लागलें. जागा सुमिदा नदीच्या कांठीं कुरामाये येथें. कुरा म्हणजे कोठार, माये म्हणजे पुढचा भाग. तोकुगावा शोगुनांचीं भाताचीं सरकारी कोठारें येथें होतीं, आणि त्यांच्या पदरच्या सामुराईंस तांदळांत मिळणारी नेमणूक येथून वाटली जाई. तो तांदूळ विकून रोकड करून देणारे, आणि पुढील नेमणुकीच्या तारणावर कर्ज देणारे दलाल याच पेठेंत गबर झाले. ज्यांनीं पेशवाईंतील सरंजामदारांचे व सावकारांचे हिशेब चाळले आहेत, त्यांस हें चित्र मुळींच परकें वाटणार नाहीं. ज्या आवारांत शिपाईगिरीची पोटगी मोजली जात होती, तेथें पुढें भट्ट्या आणि यंत्रें मांडलीं गेलीं.

या विद्यालयाचे मुख्य तेजिमा सेईची हे १८९० पासून १९१६ पर्यंत, मधला अल्प काळ वगळतां, त्या पदावर होते. ते स्वतः तरुणपणीं अमेरिकेंत शिकलेले. मातीकाम आणि कांचकाम या शाखेचा पाया घातला तो गोटफ्रीड वागेनर या जर्मन पंडितानें. हा १८६८ त नागासाकीस उतरला, आरिता गांवच्या कुंभारांत राहून त्यानें कोळशाच्या भट्टीचे प्रयोग केले, आणि १८९२ त टोकियोसच वारला. शहराच्या दुसऱ्या भागांत, तोरानोमोन येथें, १८७३ पासून हेन्री डायर या तरुण स्कॉटिश अध्यापकानें स्थापत्य व यंत्रशास्त्राचें महाविद्यालय चालविलें होतें. तेथें सहा वर्षांचा क्रम असे, शिक्षण इंग्रजींत असे, आणि शेवटचीं दोन वर्षें प्रत्यक्ष कामांत घालवावीं लागत. १८७९ त पहिले २३ पदवीधर बाहेर पडले. त्यांतील ११ जणांस पुढील अभ्यासासाठीं ब्रिटनला धाडलें, आणि त्यांच्यापैकीं परतलेल्यांनीं परकी अध्यापकांच्या जागा हळूहळू घेतल्या. सारांश, हिंदी विद्यार्थ्यास टोकियोस जो गुरु भेटला तो स्वतः कालचा शिष्य होता. शिकण्यांतील अडचणी त्यास पुस्तकांतून जाणाव्या लागत नव्हत्या.

कुरामायेस मात्र शिक्षण जपानी भाषेंत चाले. म्हणून कांचेची भट्टी पेटविण्यापूर्वीं आमच्या तरुणास ती भाषा आणि तिच्या लिपी गळ्याखालीं उतरवाव्या लागत. त्याच सुमारास त्याच शहराच्या साम्राज्य विश्वविद्यालयांत ताकाकुसु जुंजिरो हे संस्कृत शिकवीत होते. तें ते ऑक्सफर्डास माक्स म्युलर यांजपाशीं शिकून आले होते. जपान्यानें संस्कृत ऑक्सफर्डाहून आणावें, आणि ज्याच्या घरीं संस्कृत त्यानें बांगडीची कांच शिकण्यास टोकियो गांठावें! संस्कृत शिकविण्यांत जन्म घालविलेल्या माझ्यासारख्यानें यावर काय बोलावें? असो.

हे विद्यार्थी परत आले, कारखाने काढले, कारखाने बुडाले, आणि सारा खटाटोप व्यर्थ गेला, असें पुष्कळदां ऐकूं येतें. या मताशीं माझा विरोध आहे, आणि त्यासाठीं जपानांतीलच एक दाखला देतों. टोकियोच्या दक्षिणेस शिनागावा येथें १८७३ त एक खासगी कांचकारखाना निघाला. तो चालेना, म्हणून १८७६ त सरकारनें घेतला, इंग्रज कारागीर आणले. तरी धड चालेना. १८८५ त तो खासगी हातीं विकला, आणि १८९२ त बंद पडला. ताळेबंद पाहणारा म्हणेल, वीस वर्षांचें नुकसान. पण त्या कारखान्यांत ज्यांनीं फुंकनळी हातीं धरली, ते कारागीर जपानभर पसरले. त्यांतीलच शिमादा मागोइची यानें ओसाकास कारखाना थाटला, सपाट तावदानी कांचेच्या मागें लागून ती साध्य केली, आणि १९०६ त इवासाकी तोशिया यांजबरोबर कंपनी काढली. ती भागीदारी टिकली नाहीं. पण इवासाकी यांनीं लगेच १९०७ त जी असाही कांच कंपनी स्थापिली, ती जगांतील मोठ्या कांचउत्पादकांत मोडूं लागली. बुडालेल्या कारखान्याची ही शिष्यशाखा होय.

आतां तळेगांव दाभाडे येथें यावें. अंताजी दामोदर काळे यांनीं माणशीं एक पैसा गोळा करून देशी धंद्यांस साह्य करण्याची जी कल्पना काढली, आणि जिला टिळकांनीं पाठबळ दिलें, त्या पैसाफंडांतून १९०८ सालीं तळेगांवीं कांचकारखाना उभा राहिला. त्याची मांडणी ज्यांच्या हातीं होती ते इश्वरदास वार्ष्णेय हे टोकियोस कांचकाम शिकून, पुढें अमेरिकेंतहि अभ्यास करून आलेले. ते मूळचे संयुक्त प्रांताचे; पुढें तिकडेच परतून त्यांनीं बहजोई येथें कांचकारखाना काढला. तळेगांवीं कांचेबरोबर कारागीर तयार करणें हाहि हेतु होता, आणि तेथें तयार झालेले हात पुढें इतर कारखान्यांत गेले. पैसाफंडाचे नफा-तोट्याचे आंकडे पाहून निकाल देणारानें शिनागावाचें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

पोथीची परंपरा ठरवितांना मूळ प्रत कोणती, तिची नक्कल कोणी केली, त्या नकलेवरून दुसरी कोणी उतरली, हें आपण लेखनदोषांवरून काढतों. धंद्याच्या विद्येचीहि अशीच वंशावळ लावतां येते. इंग्रज कारागिरापासून शिनागावा, जर्मन पंडितापासून कुरामाये, तेथून तळेगांव, तळेगांवाहून आणखी कोठें कोठें. भट्टीचा आकार, मुशीच्या मातीचें मिश्रण, हत्यारांचीं नांवें, वहीच्या कडेला केलेली टीप, हीं येथील पाठभेदांच्या ठिकाणीं होत. ती वही नसेल तर वंशावळ तुटली.

हिंदी विद्यार्थ्याची स्थिति समजण्यास शेजारच्या चिनी विद्यार्थ्याशीं तुलना करावी. १९०५-०६ च्या सुमारास जपानांत चिनी विद्यार्थी हजारोंनीं मोजले जात. बहुतेकांचा अंदाज आठ हजारांच्या आसपास आहे. १९०८ पासून चिनी बादशाही सरकारनें जपानशीं करारच केला: पांच विद्यालयांनीं पंधरा वर्षेंपर्यंत दरसाल मिळून १६५ चिनी विद्यार्थी घ्यावे, खर्च चीननें द्यावा. त्यांतील ४० जागा कुरामायेच्या विद्यालयांत होत्या. आमच्या विद्यार्थ्यामागें सरकार नव्हतें. वर्गणी, एखाद्या संस्थेची शिष्यवृत्ति, नाहीं तर घरचें सोनें. शिवाय त्यांतील कित्येकांवर राजद्रोहाचा संशय. आणि १९०२ पासून जपान इंग्रजांचें दोस्त राष्ट्र, त्यामुळें यजमानाचाहि भरंवसा नाहीं.

हें शेवटचें विधान ज्यावरून करतों, तो प्रसंग मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांनीं अवश्य टिपून ठेवावा. दिनांक २० एप्रिल १९०७ रोजीं टोकियोंतील हिंदी मंडळींनीं शिवछत्रपतींचा स्मरणोत्सव केला. त्याचें समकालीन वर्णन चिनी भाषेंत आहे. चांग पिंगलिन, ज्यास चांग ताइयेन असेंहि म्हणतात, हा चीनचा मोठा व्याकरणपंडित आणि क्रांतिकारक, शांघायच्या तुरुंगांत तीन वर्षें काढून १९०६ त टोकियोस आला आणि ‘मिन-पाओ’ या पत्राचा संपादक झाला. त्या पत्राच्या १३ व्या अंकांत, मे १९०७ मध्यें, त्यानें या सभेवर लेख लिहिला. सभेस वासेदा विद्यापीठाचे संस्थापक काउंट ओकुमा शिगेनोबु आले होते. त्यांनीं इंग्रजी राज्याची वाखाणणी केली, आणि हिंदी लोकांनीं परक्यांस दोष न देतां स्वतःची सुधारणा करावी असा उपदेश केला. शिवाजीच्या उत्सवांत हें भाषण! चांगला संताप आला, आणि तो त्यानें लपविला नाहीं.

चांगनें महाराजांचें नांव ज्या तीन अक्षरांनीं लिहिलें त्यांचा आजचा चिनी उच्चार ‘शी-पो-छी’ असा होतो. हीं अक्षरें त्यानें सहज उचललेलीं नाहींत. तुरुंगांत त्यानें बौद्ध शास्त्रग्रंथांचा अभ्यास केला होता. त्या ग्रंथांच्या जुन्या चिनी भाषांतरांत ‘पो’ हें अक्षर संस्कृत ‘ब’ किंवा ‘व’ साठीं येतें. आणि बुद्धाचा वैद्य जो जीवक, त्याचें नांव ‘छी-पो’ असें लिहितात. ‘जीव’ लिहिण्याचीं तींच दोन अक्षरें उलट क्रमानें घेऊन चांगनें ‘वाजी’ साधला, असें मला वाटतें. रायगडच्या राजाचें नांव चिनी लिपींत गेलें तें त्रिपिटकाच्या वाटेनें.

उत्सव टोकियोस पोंचला कसा, याचाहि मार्ग दिसतो. टिळकांनीं १८९६ त रायगडावर उत्सव सुरू केला. १९०२ त तो कलकत्त्यास गेला, त्यांत सखाराम गणेश देऊस्कर या मराठी कुळांतील बंगाली लेखकाचा पुढाकार होता. टोकियोंतील हिंदी विद्यार्थ्यांत बंगाल्यांचा भरणा मोठा. तेव्हां टोकियोचा उत्सव पुण्याहून सरळ न जातां कलकत्त्याहून गेला असावा, असा माझा तर्क आहे. मात्र मराठी तरुण त्या शहरांत नव्हतेच असें नाहीं. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे याच सुमारास जपानांत कांहीं काळ राहून अमेरिकेंत गेले, ओरेगन येथें शेतकी शिकले, आणि पुढें मेक्सिकोंत मक्याच्या संशोधनानें प्रसिद्धि पावले. सभेचें वर्णन करणारें एखादें मराठी पत्र कोणाच्या संग्रहीं निघालें, तर चांगच्या लेखाशीं तें ताडून पाहतां येईल. उलटतपासणीस दुसरा साक्षीदार मिळेल.

१ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपांत आणि त्यामागून लागलेल्या आगींत कुरामायेच्या इमारती नष्ट झाल्या. विद्यालय १९२४ त ओओकायामा येथें गेलें, १९२९ त विश्वविद्यालय झालें, आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें तेथील वैद्यकीय विश्वविद्यालयाशीं एक होऊन त्याचें नांवहि बदललें. अर्थात् १९२३ पूर्वींचा जो कागद आपल्याकडे येऊन राहिला, तो आगीच्या तोंडांतून आधींच सुटलेला कागद आहे.

संग्राहकांच्या सोयीसाठीं कालगणना देतों. अशा कागदांवर पुष्कळदां राजवर्ष असतें. मेइजी वर्षांत १८६७ मिळवावे, ताइशो वर्षांत १९११, शोवा वर्षांत १९२५, म्हणजे इसवी सन येतो. मेइजी ४० म्हणजे १९०७. क्रम वर्ष, महिना, दिवस असा. आपल्या संवयीनें उलट वाचल्यास घोटाळा होतो. १८७३ पासून जपानांत इंग्रजी महिनेच चालू आहेत, त्यामुळें तिथि बसविण्याचा त्रास नाहीं. मेइजीचें ४५ वें वर्ष ३० जुलै १९१२ रोजीं संपतें, आणि त्याच दिवसापासून ताइशोचें पहिलें वर्ष धरतात. पाकीट मिळाल्यास तिकीट काढूं नये. डाकेच्या छापाचा अर्धा भाग पाकिटावर असतो.

माझ्यापाशीं त्या गठ्ठ्यांतील चार तिकिटें उरलीं आहेत. शेवंतीच्या फुलाची राजमुद्रा असलेली ही जात १८९९ पासून निघूं लागली, इतकेंच त्यांवरून सांगतां येतें. एका तिकिटावर छापांतील ‘टोकियो’ हीं रोमन अक्षरें स्पष्ट आहेत. सालाचा आंकडा होता तो भाग पाकिटावर राहिला.