शीटवरची चिठ्ठी : हर्बेरियम नावाचे एक दफ्तर

जुन्नर म्हटले की आपल्याला शिवनेरी आठवतो, नाणेघाट आठवतो, सातवाहनांचे लेख आठवतात. याच परिसरातील कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची वनस्पती उगवते. मांसल खोड, ताऱ्यासारखे तांबूस फूल. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या वनखात्यातील अधिकारी एन. ए. डाल्झेल यांनी तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला 'फ्रेरिया इंडिका' असे नाव दिले. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला दुसऱ्या प्रजातीत हलवले, तेव्हाही गव्हर्नरसाहेब नावातून गेले नाहीत. ती 'बौसेरोशिया फ्रेराय' झाली.

अशी नामांतरे, त्यांच्या तारखा आणि ती करणाऱ्यांच्या सह्या जेथे एकाच कागदावर पाहायला मिळतात, ती जागा म्हणजे हर्बेरियम. इतिहासाचे विद्यार्थी तिकडे सहसा फिरकत नाहीत. आजचा धागा त्या जागेविषयी आहे.

हर्बेरियम हे मुळात विद्यापीठाचेच अपत्य. सोळाव्या शतकात पिसा येथील अध्यापक लुका गिनी यांनी झाडे दाबून, वाळवून कागदावर चिकटवण्याची रीत रूढ केली. हिवाळ्यात बाग सुकली तरी विद्यार्थ्यांपुढे ठेवायला काहीतरी हवे होते. सुरुवातीला हे कागद ग्रंथासारखे बांधत असत. १७५१ मध्ये लिनियसने सांगितले की शीट सुटी ठेवावीत, म्हणजे वर्गीकरण बदलले की कागद हलवता येईल. आपल्या भाषेत सांगायचे तर पोथीचे दफ्तर झाले. पेशवे दफ्तरातील रुमाल सोडावा तसे कपाट उघडायचे आणि हवा तो कागद काढायचा.

शीट साधारण ४२ × २८ सेंटिमीटरचे. त्यावर वाळलेली फांदी, शक्य तर फूल व फळ, आणि उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: वनस्पतीचे नाव, ठिकाण, दिनांक, संग्राहक, त्याचा क्रमांक. नंतर कोणी अभ्यासकाने ओळख दुरुस्त केली, तर जुनी चिठ्ठी फाडायची नाही; शेजारी स्वतःची नवी चिठ्ठी सही-तारखेसह लावायची. शंभर वर्षांत एका शीटवर चार-पाच मते साचतात. हस्तलिखिताच्या समासातील टिपांची सवय असलेल्याला हे ओळखीचे वाटेल.

आता असे कागद स्कॅन करून संगणकावर चढवण्याचे काम जगभर चालू आहे. बाहेरून ते छायाचित्रणाचे काम दिसते. बारकोड लावा, शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवा, चित्र घ्या. तो भाग सोपा आहे. एका विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात मी काही आठवडे चिठ्ठ्या उतरवून घेतल्या, तेव्हा खरे काम कुठे आहे ते कळले. ते संहिता-संपादनाचे काम आहे.

एक प्रसिद्ध उदाहरण पाहा. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात स्टॉक्स नावाचे डॉक्टर आणि लॉ नावाचे सनदी अधिकारी वनस्पती जमवत होते. त्यांचे नमुने हूकर आणि थॉमसन यांच्या संग्रहातून युरोपभर वाटले गेले. चिठ्ठी छापील होती: 'मलबार, कोकण, इत्यादी, संग्राहक स्टॉक्स, लॉ, इत्यादी'. म्हणजे ठाण्याच्या खाडीकाठचे झाड आणि केरळातील झाड यांना एकच पत्ता! दोन्ही 'इत्यादीं'नी वनस्पतिशास्त्रज्ञांना दीडशे वर्षे छळले आहे. अशा नमुन्याला नकाशावर एक बिंदू देणे म्हणजे बनावट पुरावा तयार करणेच होय. म्हणून माहितीकोशाच्या प्रमाणपद्धतीत दोन वेगळे रकाने असतात: एकात मूळ मजकूर जसाच्या तसा, चुकीच्या स्पेलिंगसकट, दुसऱ्यात आपण लावलेला अर्थ, आणि जागा किती किलोमीटर इकडेतिकडे असू शकेल याचा अंदाज. राजवाडे-खरे यांच्या परंपरेतील वाचकाला पहिल्या रकान्याचे महत्त्व वेगळे पटवावे लागणार नाही.

संग्राहकाचा क्रमांकही बोलका असतो. एकाच माणसाचे वेगवेगळ्या शहरांत विखुरलेले नमुने क्रमांकाने लावले की त्याची दौऱ्याची वाट उलगडते: सोमवारी अमुक घाट, बुधवारी तमुक गाव. मध्येच एखादे शीट त्याच दिवशी दोनशे मैलांवरचे निघाले, तर कोणाची तरी तारीख चुकली आहे.

मात्र 'इत्यादी'मध्ये माणसेही लपलेली असतात. कड्यावर कोण चढले, स्थानिक नाव कोणी सांगितले, कागद कोणी वाळवले, हे चिठ्ठीवर क्वचितच सापडते. पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानात अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात झाडांची अप्रतिम चित्रे काढवून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढेच ठाऊक आहे, नाव नाही. गिब्सनचे मात्र आहे.

मग चित्रे घेऊन झाली की मूळ कागदांचे काय करायचे? येथे बर्लिन आठवावे. १९२९ पासून शिकागोच्या फील्ड म्युझियमचे मॅकब्राइड युरोपातील संग्रहांत फिरून महत्त्वाच्या नमुन्यांची छायाचित्रे घेत होते. सुरुवात बर्लिनपासून झाली. मार्च १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात बर्लिनचे हर्बेरियम बहुतांश जळाले. अनेक नमुन्यांची आज फक्त मॅकब्राइडची काच-निगेटिव्ह उरली आहे. छायाचित्राचे मोल यातून कळते.

त्याची मर्यादाही लक्षात घ्यावी. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर दुष्काळ आणणाऱ्या बटाट्याच्या रोगाचा नेमका वाण कोणता, हे २०१३ मध्ये ठरले; तेही त्या काळी वाळवून ठेवलेल्या रोगट पानांतील डीएनए वाचून. त्या पानांची फक्त छायाचित्रे राहिली असती, तर हे उत्तर कधीच मिळाले नसते.

म्हणूनच 'आता सगळे ऑनलाइन आहे' हे वाक्य ऐकले की मला धास्ती वाटते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने २०२४ मध्ये आपले सुमारे सव्वाआठ लाख नमुन्यांचे हर्बेरियम बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. एवढ्या मोठ्या संग्रहाची ही गत, तर छोट्या विभागातील चार कपाटांचे काय? तेथे पावसाळ्यात बुरशी येते, कागद पोखरणारे भुंगेरे येतात. जुन्या शीटना कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड लावलेले असते, त्यामुळे हातमोज्यांशिवाय त्यांना हात लावता येत नाही. आणि जुन्या वळणाचे अक्षर वाचू शकणारे, गावांची जुनी नावे ओळखणारे शिक्षक एकेक करून निवृत्त होत आहेत.

ते काम आपल्याला येते. जुने नकाशे, गॅझेटियर, बदललेली गावांची नावे, घसरते हस्ताक्षर ही आपलीच हत्यारे आहेत. आपल्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र विभाग असेल, तर तेथील हर्बेरियममध्ये चिठ्ठ्या उतरवायला माणूस हवा आहे का, एवढे विचारून पाहा. बहुधा हवा असतो.