बँटिंग यांचे पथ्य
लंडनमधील ज्या पेढीकडे राजघराण्यातील अंत्ययात्रांचा बंदोबस्त सोपविला जाई, तिचे विल्यम बँटिंग हे १८६२ साली, जेमतेम साडेपाच फूट उंचीच्या देहावर २०२ पौंड वजन वागवीत, इतके जेरीस आले होते की बुटाचे बंद बांधण्यास वाकणे त्यांना दुष्कर झाले होते आणि जिना ते पाठमोरे उतरत. वैद्यांच्या सल्ल्याने त्यांनी पूर्वी नौका वल्हविली होती, परंतु त्या व्यायामाने वजनाऐवजी क्षुधाच काय ती वाढली. अखेर बहिरेपणाच्या तक्रारीवरून ते विल्यम हार्वे या कर्णरोगतज्ज्ञांकडे गेले; पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांची मधुमेहावरील व्याख्याने ऐकलेल्या हार्वेंनी पाव, लोणी, दूध, साखर, बिअर व बटाटे यांवर मनाईहुकूम बजावला. मांस, मासे आणि क्लॅरेट यांना मात्र मुभा होती. असले पथ्य सोसणे फारसे कठीण नसावे! वर्षभरात ४६ पौंड उतरले, तेव्हा बँटिंग यांनी १८६३ मध्ये पदरच्या खर्चाने पुस्तिका छापून आपला अनुभव जाहीर केला. वैद्यमंडळी रुष्ट झाली, तरी खप वाढतच गेला. पुढे विस्मृतीत गेलेल्या याच पथ्याचा १९७२ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांनी, लोणी व मलई यांनाही मोकळीक देऊन, पुनश्च पुरस्कार केला.