सीताबर्डी आणि जीपच्या वायरिंगची पाऊणशे वर्षे

जुन्या जीपमधला, आणि जीपच्याच वंशातल्या आजच्या मोठ्या गाड्यांमधला विजेचा बिघाड इतर बिघाडांसारखा नसतो. झिजलेली क्लचप्लेट बदलली की प्रश्न मिटतो. वायरिंगमधला दोष आठ-पंधरा दिवस गप्प बसतो आणि पहिल्या पावसात पुन्हा डोके वर काढतो. तो हुडकून काढणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनचा धंदा नागपुरात जीपबरोबरच वाढला. या धंद्याच्या प्रत्येक टप्प्यात गाडी बदलली, पण हाताला बसलेली जुनी रीत लगेच बदलली नाही. परत परत येणाऱ्या बिघाडाचे मूळ बरेचदा या अंतरात सापडते.

नागपूरकर ज्याला नुसते ‘बर्डी’ म्हणतात ते सीताबर्डी दोन टेकड्यांच्या पायथ्याशी वसले आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी येथे आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज यांची लढाई झाली. त्यानंतर इंग्रजांनी टेकडीवर किल्ला बांधला. १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले आणि १८६७ मध्ये मुंबईकडून रेल्वे आली. किल्ला, रेल्वे स्टेशन आणि सिव्हिल लाइन्सची सरकारी कचेरी यांच्यामध्ये बर्डीची बाजारपेठ फुलली. झिरो माइलचा स्तंभही जवळच आहे. पुढे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे, जुन्या क्रमांकांनुसार सात आणि सहा हे राष्ट्रीय महामार्ग याच शहरात एकमेकांना छेदू लागले. दौऱ्यावर निघणारे अधिकारी, जंगलखाते, कोळसा व मँगनीजच्या खाणी, कंत्राटदार अशा सगळ्यांना कच्च्या रस्त्यावर चालणारी गाडी लागे, आणि ती नागपुरातच दुरुस्त होणे सोयीचे असे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन जीप भारतात आली. युद्ध संपल्यावर लष्कराने विक्रीस काढलेल्या गाड्या देशभर खासगी हातांत गेल्या. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा कामाला लागल्या. तहसील, आरोग्यकेंद्र, पाटबंधारे अशा प्रत्येक खात्याच्या दारात जीप उभी राहिली.

युद्धकाळातल्या विलीज जीपची विद्युतव्यवस्था सहा व्होल्टची होती आणि तिच्यात सर्किटे मोजकीच होती: इग्निशन, सेल्फ, दिवे, हॉर्न आणि चार्जिंग. बॅटरीचे एक टोक थेट चेसिसला जोडलेले असे, म्हणजे परतीची वायर नसून गाडीचा सांगाडाच परतीचा रस्ता होता. या रचनेत तारा कमी लागतात, पण प्रत्येक दिव्याचे काम त्याच्या ‘अर्थ’वर, म्हणजे सांगाड्याशी असलेल्या जोडावर अवलंबून राहते. सहा व्होल्टमध्ये हे फार जाणवे. ४५ वॉटचा दिवा सहा व्होल्टवर साडेसात अँपिअर ओढतो, बारा व्होल्टवर त्याच्या निम्मे. गंजलेल्या एका जोडात अर्धा व्होल्ट खर्च झाला, तर सहा व्होल्टच्या गाडीत आठ टक्के दाब जातो आणि तारेच्या दिव्याचा उजेड सुमारे पाव हिश्शाने घटतो. दिवा पिवळा पडला की जोड घासायचा, हा धडा कारागिरांनी याच गाड्यांवर गिरवला. १९५० च्या दशकात अमेरिकेत बारा व्होल्टची पद्धत रूढ झाली आणि पुढे भारतीय गाड्यांतही तीच कायम झाली.

धंद्याचा खरा पाया डायनामो आणि सेल्फ यांच्या दुरुस्तीने घातला. १९६१ मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस कंपनी स्थापन झाली आणि हे भाग देशात तयार होऊ लागले. तरीही नवा डायनामो घेण्यापेक्षा जुना भरून घेणे स्वस्त पडे. कारागीर डायनामो उघडून कार्बन बदलत असे. कम्युटेटरवर चरे पडले असतील तर तो लेथवर घासून, तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक हॅक्सॉच्या पात्याने किंचित खाली कोरत असे. अभ्रक वर राहिला तर कार्बन उड्या मारतो आणि ठिणग्या पडतात. आर्मेचर जळले असेल तर जुनी तार काढून, वेढे मोजून, नवी इनॅमलची तार भरली जाई. डायनामोबरोबर कटआऊट आणि रेग्युलेटरचा डबा येई. त्यातल्या स्प्रिंगचा ताण आणि पॉइंटमधली फट हातानेच जुळवली जाई. हातात मुख्य साधन एकच असे: दोन टोके बाहेर काढलेला बल्ब, म्हणजे टेस्ट लॅम्प. एक टोक अर्थला, दुसरे वायरला. बल्ब पेटला तर करंट आहे, नाही पेटला तर नाही.

विदर्भात १९८० च्या दशकापासून डिझेल जीपचे राज्य आले. महिंद्राच्या एमएम ५४० सारख्या गाड्यांत प्युजोच्या आरेखनाचे डिझेल इंजिन होते. बजाज टेम्पोची ट्रॅक्सही याच काळातली. खेड्यापाड्यांतून तालुक्याला प्रवासी आणणाऱ्या ‘काली-पिली’ गाड्यांत याच जीप आणि ट्रॅक्स दिसत. डिझेल इंजिनाला ठिणगीची गरज नसते. इंधन पंप यांत्रिक असतो आणि बरीच इंजिने दोरी ओढून बंद केली जात. त्यामुळे बॅटरी संपली, डायनामो बंद पडला, तरी उतारावर किंवा चार माणसांच्या धक्क्याने गाडी सुरू होई आणि दिवसभर धावे. वायरिंगचा दोष गैरसोयीचा होता, गाडी अडवणारा नव्हता. साहजिकच दुरुस्तीही तशीच झाली: तुटलेल्या वायरीला दुसरी पिळून वर टेप गुंडाळायची, स्विच बिघडला तर त्याला वळसा घालून थेट जोडायचे, फ्यूज वारंवार उडाला तर जाड तार घालायची. गाडी संध्याकाळपर्यंत धंद्यावर जायची असल्याने मालकालाही हेच हवे असे.

डायनामोची जागा अल्टरनेटरने घेतली तेव्हा पहिली गफलत झाली. डायनामो चार्ज करतो की नाही हे पाहण्यासाठी पेट्रोल इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढण्याची सवय होती. इंजिन सुरू राहिले की डायनामो चांगला, असा हिशेब. अल्टरनेटरमध्ये डायोड असतात. भार असा एकदम तुटला की दाब क्षणभर उसळतो आणि डायोड किंवा रेग्युलेटर जळू शकतो. बॅटरी उलटी जोडल्यावरही डायोड जातात. जी चाचणी एका पिढीच्या गाडीत निरुपद्रवी होती, तीच पुढच्या पिढीच्या गाडीत बिघाडाचे कारण ठरली. चार्जिंग मोजण्याची योग्य रीत साधी आहे: इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर व्होल्टमीटर लावायचा. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास आकडा यावा.

१९९४ मध्ये टाटा सुमो, १९९८ मध्ये सफारी, २००० मध्ये बोलेरो आणि क्वालिस, २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली. जीपचा वारसा आता कुटुंबांच्या आणि पुढाऱ्यांच्या दारात गेला. एसी, पॉवर विंडो, सेंट्रल लॉकिंग यांनी वायरींचा जुडगा जाड झाला आणि वर बाहेरून बसवलेल्या वस्तूंची भर पडली: फॉग लॅम्प, मोठा हॉर्न, साउंड सिस्टिम, रिव्हर्स कॅमेरा. नागपूर उपराजधानी असल्याने विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात लाल दिव्याच्या गाड्यांचा ताफाच शहरात उतरत असे. १ मे २०१७ पासून लाल दिव्यांवर बंदी आली. दिवे निघाले तरी त्यांच्यासाठी ओढलेली वायर छताच्या अस्तरामागे तशीच सोडून दिली, तर तिचे उघडे टोक पुढे केव्हातरी पत्र्याला टेकून शॉर्ट होऊ शकते. जास्त वॉटचे दिवे रिले न लावता मूळ स्विचवरच जोडले, तर स्विचचे पॉइंट आणि कपलर तापून काळे पडतात. अशा गाडीचा दिवा गेला की बल्ब बदलला जातो, कपलर जुनाच राहतो, आणि महिन्याभरात गाडी पुन्हा दारात येते.

नागपूरचे हवामान या दोषांना ऋतूंचे वेळापत्रक घालून देते. मे २०१३ मध्ये शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. अशा उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली उष्णता त्याहून कितीतरी जास्त असते. वायरींचे आवरण कडक होऊन तडकते, बॅटरीतले पाणी उडते आणि प्लेटा लवकर गंजतात. जूनच्या मध्यापासून पाऊस सुरू झाला की तडकलेल्या आवरणातून आणि सैल कपलरमधून ओल आत शिरते, तांब्यावर हिरवट थर चढतो, अर्थचा पट्टा गंजतो. डिसेंबरमध्ये पारा कधी चार अंशांच्याही खाली जातो. थंड डिझेल इंजिन फिरवायला सेल्फला जास्त करंट लागतो आणि उन्हाळ्यात खंगलेली बॅटरी तेव्हा उघडी पडते. दोष मे महिन्यातला, तक्रार डिसेंबरमधली. मधल्या काळात दोष सेल्फच्या माथी मारला जातो. उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात, ते वेगळेच.

२००५ च्या सुमारास कॉमन रेल डिझेल इंजिने या वर्गात आली. सफारीचे डायकॉर आणि स्कॉर्पिओचे सीआरडीई ही त्यांची ओळखीची नावे. येथे डिझेल जीपचा मोठा गुण संपला. इंजेक्टर केव्हा आणि किती वेळ उघडायचा हे संगणक ठरवतो आणि त्याला क्रँक सेन्सरचा सिग्नल लागतो. हा सिग्नल तुटला की इंजिन धावता धावता बंद पडते. बरेच सेन्सर पाच व्होल्टच्या आधारावर चालतात, त्यामुळे अर्थमध्ये अर्धा व्होल्ट खर्च झाला तर वाचन चुकते. एकाच खराब अर्थमुळे डॅशबोर्डवर एकाच वेळी तीन-चार इशारे लागू शकतात. एप्रिल २०१० पासून नव्या मोटारींना ओबीडी, म्हणजे दोषांचे कोड नोंदवणारी गाडीतलीच निदानव्यवस्था, बंधनकारक होऊ लागली आणि एप्रिल २०१३ पासून तिचा दुसरा टप्पा आला. स्कॅनर सुटसुटीत झाले, दुकानोदुकानी पोहोचले. पण स्कॅनर कोणत्या सर्किटमधले वाचन बिघडले एवढेच सांगतो. सेन्सर खराब, वायर तुटलेली की अर्थ गंजलेला, हे माणसालाच तपासावे लागते. कोड पाहून थेट सेन्सर बदलणे ही ‘बल्ब बदला’ या जुन्या रितीचीच महाग आवृत्ती ठरली.

टेस्ट लॅम्पची मर्यादाही येथेच दिसते. तुटत आलेल्या वायरीचा एकच धागा शाबूत असला तरी बल्ब पेटतो, आणि संगणकाच्या नाजूक सर्किटला बल्बचा करंट सोसतोच असे नाही. मल्टिमीटरने भार चालू ठेवून दाबाची घट मोजणे हा त्यावरचा उपाय. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिनाच्या बॉडीपर्यंत अर्ध्या व्होल्टहून बरीच जास्त घट दिसली, तर अर्थचा पट्टा बदलायचा. सेल्फ २०० अँपिअर ओढत असताना अवघ्या ०.००५ ओहमच्या अडथळ्यात एक व्होल्ट जातो. एवढा अडथळा टेस्ट लॅम्पला दिसत नाही.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर वाट वेगळी. गाडी लॉक करून, सगळे संगणक झोपेपर्यंत अर्धा तास थांबून, बॅटरीच्या ओळीत अँपिअरमीटर ठेवायचा. साधारण ५० मिलीअँपिअरपर्यंत गळती चालते. अर्धा अँपिअर जात असेल तर ६० अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत पूर्ण रिकामी होते, आणि गाडी त्याआधीच सुरू व्हायची थांबते. मग एकेक फ्यूज काढून, कोणत्या फ्यूजला आकडा पडतो ते पाहायचे. बाहेरून बसवलेला स्टिरिओ किंवा अलार्म आधी संशयात घ्यावा. शेवटी जोड पिळून टेप लावण्याऐवजी थिंबल दाबून किंवा सोल्डर करून वर श्रिंक ट्यूब चढवावी, आणि बाहेरच्या प्रत्येक वस्तूला स्वतंत्र फ्यूज व रिले द्यावा.

या कामाचे सामान देणाऱ्या नागपुरातल्या गल्ल्या अजूनही बर्डीतच आहेत. मुख्य रस्त्याला फुटणाऱ्या ‘मोदी नंबर’ नावाच्या क्रमवार गल्ल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारासाठी ओळखल्या जातात. मल्टिमीटर, सोल्डर, वायर असा माल तिथे मिळतो. गाडी दिवसभर उघडून ठेवायला मात्र दाट बाजारात जागा नसते, म्हणून गॅरेज रुंद रस्त्यांवर आणि शहराच्या कडेला सापडतात. २०१९ मध्ये मेट्रो सुरू झाली आणि सीताबर्डी तिच्या दोन्ही मार्गांचे मुख्य अदलाबदल स्थानक झाले. गर्दी तशीच राहिली. शिक्षणाची वाटही बदलली: उस्तादाच्या हाताखाली शिकण्याबरोबर आयटीआयमध्ये वाहनांच्या इलेक्ट्रिकल व इलेक्ट्रॉनिक्सचा वेगळा अभ्यासक्रम आला.

जुनी गाडी ठेवायची की काढायची, हा प्रश्न आता कायद्यानेही विचारला जातो. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये वाहन भंगार धोरण जाहीर झाले. नागपूरचे खासदार नितीन गडकरी तेव्हा रस्ते वाहतूक मंत्री होते. १ एप्रिल २०२२ पासून खासगी मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. महाराष्ट्रात पर्यावरण कर निराळा. दिवे, इंडिकेटर आणि हॉर्न तपासणीत चालू असावेच लागतात.

येथे दोन पिढ्यांच्या गाड्यांचे भवितव्य वेगळे होते. १९६० च्या जीपची अख्खी वायरिंग बाजारातून वायर, थिंबल आणि फ्यूजचा डबा आणून दोन-तीन दिवसांत नव्याने घालता येते. आकृती एका पानावर मावते. २००५ नंतरच्या गाडीचा हार्नेस, कपलर आणि संगणक कंपनीच्या सुट्या भागांच्या साठ्यावर अवलंबून आहेत, आणि मॉडेल बंद पडल्यावर तो साठा आटत जातो. त्यामुळे अशा गाडीत पाच वेळा तोच दिवा दुरुस्त करण्यापेक्षा, सुटे भाग मिळत आहेत तोवर सगळे अर्थ, मुख्य कपलर आणि बाहेरच्या जोडण्या एकदाच उलगडून नीट करून घेणे स्वस्त पडते.